बाकरवडीचा पुडा हाही पुरावाच

प्रश्न : ताई, मी २८ वर्षांची, मूळची कोल्हापूरची. दोन वर्षांपूर्वी नोकरीसाठी इंग्लंडमध्ये रेडिंगला आले. गेल्या वर्षी मे महिन्यात पुण्यात माझा साखरपुडा झाला. मुलगा मिल्टन कीन्सला नोकरी करतो. सहा महिन्यांत मला कळून चुकलं की हे जमणार नाही. नोव्हेंबरमध्ये दोन्ही घरांनी बसून लग्न मोडलं, अंगठी परत केली. तेव्हापासून तो थांबलेलाच नाही. आधी दिवसाला तीस-चाळीस मेसेज यायचे. ब्लॉक केलं तर नव्या नंबरांवरून सुरू. जानेवारीपासून संध्याकाळी रेडिंग स्टेशनच्या जिन्याजवळ उभा असतो, दोन कॉफी घेऊन. मी गाडीची वेळ बदलली, शेवटी फ्लॅटही बदलला. नवा पत्ता त्याला कुणीच दिलेला नाही, तरी गेल्या आठवड्यात दाराशी बाकरवडीचा पुडा ठेवलेला होता. चिठ्ठी नाही, नाव नाही. माझी आवड त्याला ठाऊक आहे. त्यानं कधी शिवी दिली नाही, धमकी दिली नाही. आईला फोन करून रडतो. आई म्हणते, मुलगा वाईट नाही, एकदा भेटून नीट सांग, मिटवून टाक. इथल्या ओळखीतले एक काका मध्ये पडायला तयार आहेत. हा गुन्हा आहे का? आणि तक्रार केली तर माझ्या व्हिसाचं, त्याच्या व्हिसाचं काय होईल?
– एक वाचक, रेडिंग

उत्तर : तू माझ्या मुलीच्या वयाची, म्हणून एकेरीच लिहिते. सगळ्यात आधी एक सांगते, बाकीचं पत्र नंतर वाच. त्याला भेटू नकोस. एकटी नको, काकांना घेऊन नको, भर दुपारी कॅफेत नको. आपल्याकडे समजूत काढण्यावर फार भिस्त असते. घरातल्या भांडणात तिचा उपयोगही होतो. पण 'नाही' ऐकूनही जो चार महिने जिन्याशी उभा राहतो, त्याला तुझी भेट म्हणजे आशा वाटते. शंभर मेसेजनंतर का होईना ती आली, म्हणजे पुढच्या वेळी शंभर पाठवायचे, एवढंच तो शिकतो. वकील म्हणून माझ्याकडे येणाऱ्या मुलींपैकी बऱ्याच जणी अशी एखादी 'शेवटची भेट' उरकूनच आलेल्या असतात.

आता गुन्ह्याचं. होय, हा गुन्हा आहे.

इंग्लंड-वेल्समध्ये छळापासून संरक्षणाचा कायदा १९९७ चा. त्याचं मर्म असं की तो एकेकट्या कृतीकडे बघतच नाही, त्या कृतींच्या माळेकडे बघतो. एकाच व्यक्तीच्या बाबतीत किमान दोनदा घडलेलं वागणं, ज्यानं त्या व्यक्तीला भीती वाटावी, मनस्ताप व्हावा, आणि करणाऱ्याला ते कळत असावं किंवा कळायला हवं होतं. हा शेवटचा भाग नीट वाच. 'मला कळलंच नाही, माझं तिच्यावर प्रेम आहे' ही पळवाट इथं चालत नाही. त्याच्याइतकीच माहिती असलेल्या कुणाही समंजस माणसाला ते कळलं असतं का, एवढंच कोर्ट विचारतं. लग्न मोडलंय, अंगठी परत गेलीय, नंबर ब्लॉक आहे. यानंतर बाकरवडी कशासाठी?

म्हणून तो पुडा टाकला असशील तरी त्याचा फोटो आहे का, बघ. एकटा पुडा म्हणजे खाऊ. चाळीस मेसेज, जिन्याजवळची कॉफी आणि कुणालाही न दिलेला पत्ता यांच्या ओळीत तो ठेवला, की तो सरळ निरोप होतो : तू कुठे राहतेस हे मला माहीत आहे. धमकीचा एक शब्दही न उच्चारता त्यानं हे तुझ्यापर्यंत पोचवलं.

२०१२ मध्ये याच कायद्यात स्टॉकिंग हा वेगळा गुन्हा घातला गेला. मागे जाणं, कुठल्याही मार्गानं संपर्क साधत राहणं, एखाद्या जागी रेंगाळणं, इंटरनेटवरच्या हालचालींवर पाळत ठेवणं, नजर ठेवणं, अशी उदाहरणं कायद्यातच दिली आहेत. त्याच्या दोन पायऱ्या आहेत. खालच्या पायरीला सहा महिन्यांपर्यंत कैद. वरच्या पायरीला पूर्वी पाच वर्षं होती, २०१७ मध्ये ती दहा केली. या वरच्या पायरीसाठी मारहाणीचीच भीती असावी लागते असं नाही. गंभीर मनस्तापामुळे रोजच्या जगण्यावर ठळक परिणाम झाला असेल तरी पुरतं. तू गाडीची वेळ बदललीस, घर बदललंस. पत्रात तू हे जाता जाता लिहिलं आहेस, जणू ती तुझीच अडचण. कायद्याच्या नजरेत तो पुराव्याचा कणा आहे. झोप उडाली असेल, डॉक्टरकडे गेली असशील, मैत्रिणींकडे जाणं सोडलं असशील, तर तेही लिही.

आपल्या भाषेत 'तो माझ्या मागे लागलाय' हे आपण रागानं म्हणतो, कौतुकानं म्हणतो आणि हसतहसतही म्हणतो. एकच वाक्य. त्यामुळे मुलींना स्वतःलाच कळत नाही की आपण नक्की काय सांगतोय. पोलिसांशी बोलताना ते वाक्य वापरू नकोस. 'स्टॉकिंग' हा शब्द स्पष्ट उच्चार. इथले पोलीस चार खुणा शोधतात : झपाटल्यासारखं मन तुझ्यावर खिळलेलं, त्याचंच वेड, तुला नको असलेलं, आणि पुन्हा पुन्हा. तुझ्या पत्रात चारही आहेत.

आता साखरपुड्याबद्दल. मोडलेला साखरपुडा म्हणजे काहीच नातं उरलं नाही, असं तुला वाटत असेल. १९९६ च्या कौटुंबिक कायद्याखाली फॅमिली कोर्टाकडून मनाई हुकूम मिळतो, त्याला इथं नॉन-मोलेस्टेशन ऑर्डर म्हणतात. तो नवरा-बायको, एकत्र राहणारे, नातेवाईक यांच्यात मिळतो, आणि ज्यांचं लग्न ठरलं होतं त्यांनाही मिळतो. ठरलेलं मोडल्यापासून तीन वर्षांच्या आत अर्ज करायचा. लग्न ठरलं होतं याचा पुरावा काय? लेखी काही असेल तर ते, नाहीतर दिलेली अंगठी, किंवा साक्षीला जमलेल्या लोकांसमोर झालेला विधी. हे कायद्याच्या कलमात लिहिलेलं आहे. ज्यांनी ते लिहिलं त्यांच्या डोळ्यांसमोर पुण्याचं मंगल कार्यालय नक्कीच नव्हतं, पण तुझा साखरपुडा त्यात जसाच्या तसा बसतो. त्या दिवसाचे फोटो आणि पत्रिका आईकडून मागवून घे.

या अर्जाला कोर्ट फी नाही. एफएल ४०१ नावाचा फॉर्म असतो, त्यासोबत तुझं सही केलेलं निवेदन. धोका असेल तर त्याला आधी न कळवताही तात्पुरता हुकूम मिळू शकतो. हुकूम मोडला की तो फौजदारी गुन्हा, पाच वर्षांपर्यंत कैद. हुकमात 'प्रत्यक्ष किंवा दुसऱ्यामार्फत संपर्क नको' असं लिहून घेता येतं. म्हणजे मग आईला फोन करून रडणं हासुद्धा हुकूमभंग ठरू शकतो. हे आईला आजच सांग, आणि त्याचा फोन आला तर बोलायचं नाही, पण कॉलची नोंद पुसायचीही नाही, हेही.

दुसरा मार्ग पोलिसांचा. २०१९ च्या कायद्यानं, जानेवारी २०२० पासून, पोलीस स्वतः मॅजिस्ट्रेट कोर्टात जाऊन स्टॉकिंग प्रोटेक्शन ऑर्डर मागू शकतात. त्यासाठी गुन्हा शाबित व्हावा लागत नाही, वकिलाचा खर्च तुझ्यावर येत नाही. हुकूम कमीत कमी दोन वर्षांचा. तुझ्या रस्त्यावर, स्टेशनवर, ऑनलाइन येण्याची बंदी तर घालता येतेच, शिवाय त्यानं समुपदेशनाला जावं अशी अटही घालता येते. त्याला आपलं नाव-पत्ता पोलिसांकडे नोंदवावा लागतो. या ऑर्डरचं नाव घेऊन मागणी कर. समोरचा अधिकारी आपणहून सुचवेल, या भरवशावर राहू नकोस.

हे इतक्या आग्रहानं लिहिण्याला कारण आहे. गेट्सहेडच्या ॲलिस रगल्सचा ऑक्टोबर २०१६ मध्ये खून झाला. ती २४ वर्षांची होती. संबंध तोडल्यावर तिचा पूर्वीचा मित्र, जो सैन्यात होता, तिचा पिच्छा सोडत नव्हता. तिनं पोलिसांना कळवलं, पोलिसांनी त्याला लेखी समज दिली. त्यानंतरही त्यानं पार्सल पाठवलं. तिनं पुन्हा कळवलं, तेव्हा तिलाच विचारलं गेलं की त्याला अटक व्हावी असं वाटतं का. ती नको म्हणाली. काही दिवसांत त्यानं तिच्या घरात शिरून तिला मारलं. त्याला जन्मठेप झाली. पोलीस दलांची तपासणी करणाऱ्या यंत्रणेनं २०१७ मध्ये अशा नुसत्या समज देणाऱ्या नोटिसा बंद करायला सांगितलं. ॲलिसच्या आईवडिलांनी तिच्या नावानं ट्रस्ट काढला आणि ते अजून याच विषयावर काम करतात. 'त्याला अटक करायची का' हा प्रश्न तुला विचारला गेला, तर त्याच्या आईचा चेहरा डोळ्यांपुढे आणून उत्तर देऊ नकोस. 'काय करायचं ते तुम्ही ठरवा, पण मला भीती वाटते आणि हे थांबायला हवं,' असं म्हण. अटकेचा निर्णय घेणं पोलिसांचं काम आहे. ते ओझं तू का उचलायचं?

आता लगेच करायच्या गोष्टी. एक साधी वही घे. तारीख, वेळ, जागा, काय झालं, कोणी पाहिलं, तुला काय वाटलं. जुनं आठवेल तसं आत्ताच लिहून काढ. मेसेज पुसू नकोस, नंबर आणि तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट काढून दुसरीकडेही ठेव. 'मला तुझ्याशी कोणताही संबंध नको, संपर्क करू नकोस' हे एकदा लेखी गेलेलं असेल तर तेवढं बास. नसेल तर एकदाच पाठव आणि त्यानंतर एका अक्षराचंही उत्तर देऊ नकोस, रागाचंही नाही. नवा पत्ता त्याला कसा कळला, याचा विचार कर. लग्न ठरलेलं असताना तुझा फोन त्यानं सेट करून दिला होता का? नकाशावर लोकेशन शेअर केलं होतं का? पासवर्ड त्याला माहीत होते का? सगळं बदल. बॅगेत, गाडीत एखादा ट्रॅकर नाही ना, हेही बघ.

तातडी नसेल तर १०१ किंवा तुझ्या भागातल्या पोलिसांच्या वेबसाइटवर तक्रार, क्राइम रेफरन्स नंबर मागून घे. तो दाराशी असेल तर ९९९. बोलणं शक्य नसेल तर मोबाइलवरून ९९९ लावून, सांगितल्यावर ५५ दाब, म्हणजे फोन पोलिसांकडे जातो. इंग्रजीत अडत असेल तर दुभाषा मागता येतो, पण तुझं इंग्रजी चांगलं असलं तरी भीतीच्या क्षणी मराठीच तोंडात येते, त्याची लाज वाटू देऊ नकोस. आणि उशीर करू नकोस. खालच्या पायरीच्या गुन्ह्यात शेवटच्या प्रसंगापासून सहा महिन्यांत खटला दाखल व्हावा लागतो.

राष्ट्रीय स्टॉकिंग हेल्पलाइन ०८०८ ८०२ ०३००, मोफत. ती सुझी लॅम्प्लू ट्रस्ट चालवतो. सुझी लंडनमध्ये घरं दाखवण्याचं काम करायची. जुलै १९८६ मध्ये फुलहॅमला एका ग्राहकाला घर दाखवायला म्हणून गेली, ती परत आलीच नाही. तिच्या आईवडिलांनी उभं केलेलं हे काम. तिथल्या बाया तुझं शांतपणे ऐकून घेतात, घाई करत नाहीत.

व्हिसाचं : छळाची तक्रार करणं हे तुझा वर्क व्हिसा काढून घेण्याचं कारण होऊ शकत नाही. तो तुझ्या नोकरीशी बांधलेला आहे. ऑफिसात एका वरिष्ठांना आणि खालच्या सिक्युरिटीला त्याचा फोटो दाखवून ठेव. त्याच्या व्हिसाचं म्हणशील तर, परदेशी नागरिकाला १२ महिने किंवा अधिक कैद झाली तर हद्दपारी जवळपास ठरलेली असते, हे खरं आहे. पण मनाई हुकूम हा दिवाणी हुकूम आहे. तो पाळला तर त्यापायी तुरुंगाचा प्रश्नच येत नाही. त्याचं भवितव्य तो स्वतः, पाळण्या-न पाळण्यातून, ठरवणार आहे.

माझं स्वतःचंही एक सांगते, कारण तुझं पत्र वाचून ते दिवस आठवले. १९९५ च्या हिवाळ्यात मी लंडनमधल्या हॅरोला एका घरात वरच्या खोलीत भाड्यानं राहत होते, कायद्याचं शिक्षण चालू होतं. रात्री दोनला खालचा फोन वाजायचा, मालकीणबाई हाक मारायच्या, मी उचलला की पलीकडे नुसता श्वास. अकरा आठवडे. शेवटचा फोन कुठून आला ते कळायला १४७१ फिरवलं की आवाज सांगायचा, नंबर राखून ठेवलाय. पोलीस ठाण्यात गेले, तर टेबलापलीकडचा माणूस म्हणाला, काही बोललाच नाही तर गुन्हा कसला? तेव्हा छळाविरुद्ध वेगळा कायदा नव्हता. मी खोली सोडली. मालकीणबाईंना वाटलं मला भाडं परवडत नाही, आणि मीही तसंच वाटू दिलं. जुलै १९९७ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे तेव्हाच्या इथल्या सर्वोच्च कोर्टानं, निकाल दिला की फोनवरची शांतता हासुद्धा हल्ला ठरू शकतो, आणि मनाला झालेली इजा ही इजाच. तीन बायकांना मुके फोन करणाऱ्या माणसाचा तो खटला होता. तो निकाल मी लायब्ररीत उभ्यानं वाचला आणि तिथंच खुर्चीत बसून रडले. तू आईला सांग, एका वकीलबाईंनी लिहिलंय : धमकी नाही म्हणून धोका नाही, असं नसतं.

प्रश्न : माझा लेस्टरला डबे पुरवण्याचा छोटा धंदा आहे. माझ्याकडे पूर्वी काम करणारी एक बाई आठ महिने मला सतावते आहे. बायकोला फोन, ग्राहकांना खोटेनाटे मेसेज, मुलाच्या शाळेबाहेर गाडीत बसून राहणं. हे कायदे बायकांसाठीच आहेत ना? पुरुषानं तक्रार केली तर हसतील, अशी भीती वाटते.
– एक वाचक, लेस्टर

उत्तर : नाही, बायकांसाठीच नाहीत. आपल्या मनात भारतातला कायदा असतो. तिथं भारतीय न्याय संहितेच्या ७८ व्या कलमात पाठलाग करणारा पुरुष आणि जिचा पाठलाग होतो ती स्त्री, असंच धरलेलं आहे. ब्रिटनच्या कायद्यात नुसतं 'व्यक्ती' म्हटलं आहे. १९९७ च्या कायद्यावरचा २००६ चा एक गाजलेला निकाल लंडनमधल्या एका पुरुष कर्मचाऱ्यानं लढवलेल्या खटल्याचा. वरिष्ठ बाई आपला छळ करते अशी त्याची तक्रार होती, आणि अशा छळाबद्दल मालक संस्थेलाही जबाबदार धरता येतं, असं हाउस ऑफ लॉर्ड्सनं ठरवलं.

तुमच्यात घरगुती नातं नसल्यामुळे वरच्या पत्रातला फॅमिली कोर्टाचा मार्ग तुम्हाला मिळणार नाही. पण पोलिसांचे दोन्ही मार्ग, फौजदारी तक्रार आणि स्टॉकिंग प्रोटेक्शन ऑर्डर, खुले आहेत, आणि १९९७ च्याच कायद्याच्या तिसऱ्या कलमाखाली दिवाणी कोर्टात मनाई हुकूम आणि नुकसानभरपाई दोन्ही मागता येतात. गेलेल्या ग्राहकांचा हिशेब मांडून ठेवा. दाव्याला सहा वर्षांची मुदत आहे, मात्र हुकूम लवकर हवा असेल तर एवढं थांबू नका. बायकोला आलेले फोन तिनं स्वतः वहीत लिहावेत. आणि शाळेला कळवा, उद्याच. मुलाला न्यायला कोण येणार हे शाळेकडे लेखी असू द्या. पोलीस हसले तर त्या अधिकाऱ्याचं नाव आणि नंबर लिहून घ्या आणि तक्रार करा. मी वीस वर्षांत चार पुरुषांची अशी प्रकरणं हाताळली. चौघेही आधी मला म्हणाले होते की बायकोनं जबरदस्तीनं पाठवलं.

प्रश्न : मुलगी ग्लासगोला एमएस करते. एक वर्गमित्र तिला फार त्रास देतो. त्यानं माझाही नंबर मिळवला आहे. मी साताऱ्याहून काही करू शकते का?
– एक आई, सातारा

उत्तर : ताई, स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे, त्यामुळे वरच्या उत्तरांतली कलमं तिला लागू करू नका. तिथं २०१० च्या कायद्यात स्टॉकिंगचा स्वतंत्र गुन्हा आहे, इंग्लंडच्या दोन वर्षं आधीच आला. किमान दोन प्रसंग, पाच वर्षांपर्यंत कैद. कोर्टाच्या मनाईला तिथं नॉन-हॅरॅसमेंट ऑर्डर म्हणतात. १०१ नंबर भारतातून लागत नाही. पोलीस स्कॉटलंडच्या वेबसाइटवर परदेशातून करायचा वेगळा नंबर असतो, पण शक्यतो तक्रार तिनंच तिथून करावी. विद्यापीठाच्या विद्यार्थी कल्याण विभागालाही कळवावं, ते वर्ग आणि वसतिगृह बदलून देऊ शकतात.

तुम्ही साताऱ्याहून एक मोठं काम करू शकता. स्कॉटलंडमध्ये एकाच व्यक्तीच्या शब्दावर फौजदारी शिक्षा होत नाही, दुसऱ्या स्वतंत्र आधाराची गरज असते. तिनं तुम्हाला नंतर केव्हातरी फोनवर सांगितलेलं हे त्या अर्थानं तिचंच बोलणं धरलं जाऊ शकतं. पण त्या मुलानं थेट तुमच्या फोनवर केलेला कॉल आणि पाठवलेला मेसेज हा तुमचा स्वतःचा पुरावा आहे. त्याला ब्लॉक करण्याआधी सगळ्याचे स्क्रीनशॉट तारखेसकट काढून लेकीला पाठवा, आणि मूळ मेसेज तुमच्या फोनवर तसेच राहू द्या. फोन जुना झाला म्हणून सध्या बदलू नका.